मनोरमाबाई ड्रायव्हर

आमच्या बंगल्याला लागून एक मोकळा प्लॉट आहे, धाकट्या दिरांचा. ते असतात पुण्याला, त्यामुळे राखण माझ्याकडे. यंदा पाऊस बरा झाला आणि प्लॉटवर गुडघाभर गवत माजलं, पण मधोमध एका लांबट चौकोनात काडीसुद्धा उगवली नाही. फिरायला येणारी माणसं विचारतात, "काकू, इथं काही जाळलं होतं का?" मी म्हणते, "नाही हो, इथं एक गाडी धुतली." ते हसतात. म्हातारी काहीतरी बरळते, असं वाटत असेल त्यांना. पण खरंच तसं आहे. त्या मातीत समुद्राचं मीठ मुरलंय. आमच्या नगरच्या सावेडीत नळाला दिवसाआड पाणी येतं, तिथं समुद्राचं मीठ कुठून आलं हे सांगायचं तर मनोरमाबाईंचं सांगावं लागतं.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मे महिना संपत आला होता. मी गच्चीत पापड वाळत घालत होते. खाली घरघर ऐकू आली म्हणून वाकून बघते, तर शाळेची एक जुनी बस उलटी उलटी येत प्लॉटमध्ये शिरतेय. पिवळ्या रंगावर निळा दिलेला, खिडक्यांना जुन्या साड्यांचे पडदे, टपावर पाण्याची काळी टाकी. मी पापड तसेच टाकले आणि तणतणत खाली गेले. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून एक माझ्याच वयाची बाई उतरली. साधी गोल साडी, पायात पीटीचे पांढरे बूट, घट्ट अंबाडा, कपाळ मोकळं.

"कुणाला विचारून गाडी आत घातली?" मी म्हटलं.

"कुणालाच न्हाई," त्या म्हणाल्या. "आधी बघितलं, बसती का. बसत नसती तर इचारून काय उपेग?"

मी पदर खोचून गाडीच्या पुढ्यात उभी राहिले. मग त्याच म्हणाल्या, "पावसाचे चार महिने उभं ऱ्हाऊ द्या ताई. कोकणात पाऊस लागला की आमची चाकं रुतत्यात. दिवाळी झाली की निघालोच."

"आम्ही म्हणजे कोण कोण?"

"मी आन् सर. माझे मालक. ते आत बसल्यात. तुमी ठेवणार का हाकलणार, हे कळल्याबिगर उतरायचे न्हाईत."

आतून आवाज आला, "मनोरमा, त्या ताईंना सांग, आपण सभ्य माणसं आहोत."

"ते तुमीच उतरून सांगा सर. माझ्या तोंडावर तसं दिसत न्हाई."

मी ठेवून घेतलं. माझे मालक जाऊन वर्ष झालं होतं, मुलगा बंगळुरूला. घरात माझं मीच बोलायचे आणि मीच ऐकायचे. खिडकीतून एक वायर दिली, मागच्या टाकीला एक नळी जोडून दिली. त्यानंतर दर पावसाळ्यात ती गाडी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उभी राहायची आणि दिवाळीचा फराळ डब्यात भरून झाला की निघून जायची.

"तुमचं घर कुठंय मग?" मी एकदा विचारलं होतं.

"इकलं."

"अहो, विकायचं कशाला? कुलूप लावायचं."

"कुलूप लावलं की मन घरातच ऱ्हातं, लीलाबाई. मग नुसतं शरीर हिंडवायचं का?" घर विकून त्यांनी ही बस घेतली होती आणि एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून आत सगळं करून घेतलं होतं. मागं पलंग, पलंगाखाली पेट्या, एका बाजूला ओटा आणि गॅस. पडद्याआड न्हाणी, तीत उभं राहून वळायचं म्हटलं तरी बाहेर येऊन वळावं लागायचं. सर्वांत जास्त जागा पाण्याच्या कॅनना. बाईंना नळ दिसला आणि त्यांनी कॅन भरला नाही, असं व्हायचंच नाही. कोकणात बाहेर मुसळधार कोसळत असतानाही त्या पंपावर कॅन भरायला उभ्या राहायच्या आणि लोक हसायचे, असं सर सांगत. "दुष्काळी बाई आहे," सर म्हणायचे, "स्वर्गात गेली तरी पहिल्यांदा विचारील, पाणी कधी सुटतं?"

गाडी चालवायला त्या कशा शिकल्या, ती कथा मला त्यांच्याच तोंडून पाठ झालीये. मिशनच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या, बाळंतपणं करायला वाड्यावस्त्यांवर जायच्या. जीपचा ड्रायव्हर पिणारा. एकदा भंडारदऱ्याकडून अडलेली बाई घेऊन येताना घाटात तो स्टिअरिंगवरच पेंगायला लागला. बाईंनी जीप थांबवायला लावली, त्याला ओढून मागं बाळंतिणीच्या पायाशी टाकला आणि स्वतः पुढं बसल्या.

"पण तुम्हाला येत होती का चालवायला?"

"बघून बघून आलती. आन् ती बाई मागं वरडत हुती, तिच्या वरडण्यात माझी भीती ऐकूच आली न्हाई."

तेव्हापासून जीप त्यांच्याकडेच आली. रस्ते त्यांना बाळंतपणांवरून लक्षात राहिलेले. आम्ही एकदा पारनेरच्या बाजूला निघालो तर वाटेत म्हणतात, "हितं जुळी. त्या वडाखाली पायाळू. आन् त्या फाट्यावर मुलगी झाली म्हणून आजी उतरून चालाय लागली, तिला परत बसवता बसवता नाकी नऊ आले." गाडी सुरू करण्याआधी त्यांचा एक नेम होता. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून डोळे मिटायचे आणि पुटपुटायचं, "प्रभू, ब्रेक तुझ्याकडं, क्लच माझ्याकडं." मग चावी.

आणि थांबवतानाही नेम. नवी जागा असली की आधी स्वतः उतरायच्या, उजवी टाच जमिनीत दाबायच्या, गोल फिरवायच्या. टाच रुतली नाही तरच गाडी उभी करायची. वाड्यावस्त्यांवर जीप चिखलात फसायची, तेव्हा लागलेली ती सवय.

शांतवन सरांचं सांगायचं राहिलं. सर पारनेर तालुक्यातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवायचे. सगळी नोकरी तिथंच. वर्गात जलदुर्ग शिकवायचे, फळ्यावर खडूनं सिंधुदुर्गाची तटबंदी अशी काढायचे म्हणे, की पोरं वहीत उतरवायची सोडून बघत बसायची. पण त्यांनी स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता. सुट्टीत शेती, बहिणींची लग्नं, आईचं आजारपण. राहिलं ते राहिलंच. समुद्र पाहिला तो निवृत्त झाल्यावर, डहाणूला, ह्या गाडीतून उतरून. बाई नक्कल करून दाखवायच्या. सर किनाऱ्यावर हाताची घडी घालून उभे. मग म्हणाले, "मनोरमा, हा मातकट आहे."

"मग?"

"मी इतकी वर्षं पोरांना निळा रंगवायला लावला. एकानं मातकट रंगवला होता, त्याचे मी मार्क कापले."

"आता शोधून काढा त्याला आन् द्या मार्क."

असं ते दोघं. डहाणूपासून सुरुवात करून खाली खाली जायचं, दर हिवाळ्यात किनाऱ्याचा एक तुकडा. एकेका जुन्या बंदराच्या गावी महिना-पंधरा दिवस मुक्काम. सरांची गाव बघायची रीत वेगळी, बाईंची वेगळी. सर धक्क्यापासून सुरू करायचे. धक्का, मग जकातीची जुनी चौकी, मग पेठ, मग देऊळ-मशीद-चर्च आणि शेवटी दफनभूमी. बाई सरळ गावातल्या बायकांकडे जायच्या आणि विचारायच्या, "तुमच्या आज्या पाणी कुठनं आणायच्या?" संध्याकाळी दोघांचा वाद, की गाव कुणाला जास्त कळलं.

एका हिवाळ्यात मलाही नेलं त्यांनी, रेवदंड्याला. मी पुढं दोघांच्या मध्ये बसलेली. सरांनी मोबाईलवर नकाशा लावला होता आणि त्यातली बाई सारखी डावीकडे वळा, उजवीकडे वळा करत होती. सरही वळा वळा करत होते. खोपोलीच्या पुढं मनोरमाबाईंनी तो मोबाईल उचलला आणि माझ्या पिशवीत टाकला. म्हणाल्या, "एका गाडीत दोन सर न्हाई चालायचे."

रेवदंड्याला किल्ल्याच्या तटाच्या आतच नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. आमच्याकडे किल्ल्यात बाभळी; तिथं सुपाऱ्या. सर एका पडक्या कमानीच्या दगडावर चढून शिकवायला लागले. ऐकणारे आम्ही तिघं, म्हणजे मी आणि दोन शेळ्या. पण काय सांगू, त्यांचा आवाज असा लागला होता, की गलबतं दिसायला लागली मला. बाई तोवर एका विहिरीवर चार बायका जमवून त्यांच्यात रमलेल्या. परतल्या त्या भरलेली कळशी घेऊनच. "चाखून बघा," म्हणाल्या, "समुद्र हाकेवर आन् पाणी गोडं. आपल्याकडं सातशे फूट खाली गेलं तरी लागत न्हाई." त्यांच्या बोलण्यात हेवा नव्हता बरं का. नवल होतं, आणि थोडा रागही.

तेव्हाच मला मालवणचं कळलं. सरांनी मालवण मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. फळ्यावर काढलेला तो सिंधुदुर्ग, तो सगळ्यात शेवटी बघायचा. आणि त्यांनी बाईंना कबूल केलं होतं, की त्या किल्ल्यात, चारी बाजूंनी खारं पाणी असताना, आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव, तर तिन्हींचं पाणी तुला माझ्या हातानं पाजीन.

"आधीच जाऊ की हो," बाई म्हणायच्या. "वाटंत मेले म्हंजी?"

"मालवण झालं की हिंडायचं कशासाठी?" सर म्हणायचे.

हे मी हसत ऐकलं होतं. आता वाटतं, बाईंचंच ऐकायला हवं होतं त्यांनी.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी बाईंचा फोन आला. "लीलाबाई, गाडी भिजली."

मी म्हटलं, "अवकाळी आला का तिकडं?"

"न्हाई. भिजली." एवढंच, आणि फोन ठेवला.

झालं होतं ते असं. देवगडच्या अलीकडे एका खाडीकाठी ते पोचले. पुढचा मुक्काम मालवण. गावाचं नाव नाही सांगत, त्या गावाची काही चूक नाही. खाडीच्या कडेला झाडाखाली लांबलचक सपाट कडक जमीन. आता आपण नगरची माणसं. आपल्याला नदी म्हणजे वाळू. आपल्याकडे नदीत बाजार भरतो, नदीत ट्रक लावतात, पोरं नदीत क्रिकेट खेळतात. बाई उतरल्या, टाच दाबली, गोल फिरवली. टाच रुतली नाही. बाजूला दोन होड्या कलंडून पडलेल्या. सर म्हणाले, "होड्या लावल्यात त्या अर्थी गावचा गाडीतळच आहे हा." बाईंनी गाडी लावली, हँडब्रेक ओढला, आणि दोघं वरच्या आळीत जुनं देऊळ आणि धक्का बघायला गेली. एका घरी माशाचं जेवण सांगितलं होतं, ते जेवली. पौर्णिमा होती.

परत आली तेव्हा जमीन नव्हतीच. खिडक्यांच्या खालपर्यंत पाणी, आणि शेजारी त्या दोन होड्या छान सरळ होऊन डुलत होत्या.

ज्या माणसानं जन्मभर पोरांना शिकवलं, की ओहोटीला शत्रू चालत आत यायचा आणि भरतीला अडकायचा, तो माणूस तिथं उभा. आणि मग त्यांनी काय केलं असेल? पाण्यात शिरले. छातीएवढ्या पाण्यातून गाडीशी गेले आणि हँडब्रेक सोडवायला लागले. होड्या तरंगतायत, तर ब्रेक काढला की हीसुद्धा तरंगेल, असं त्या क्षणी वाटलं त्यांना. हे मला सरांनीच सांगितलं नंतर. हसून सांगायचा प्रयत्न करत होते, पण खोकल्यानं हसू दिलं नाही.

कोळ्यांनी त्यांना ओढून बाहेर काढलं. नाकातोंडात पाणी गेलेलं. एक म्हातारी कोळीण बाईंच्या अंगावर स्वतःची चादर टाकत म्हणाली, "खंयचे गो तुमी?"

"नगरचे."

"थंय समुद्र नाय?"

"न्हाई."

"मगे बरोबर," ती म्हणाली.

गाडी ट्रकवर लादून नगरला आली. सर आधी दवाखान्यात राहिले, मग डॉक्टरांनी सोडलं, पण बरं करून सोडलं असं काही नव्हे. छाती कायमची गेली होती. चार पावलं चालले की ओठ निळे. लांबचा प्रवास नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी माझी पुढची खोली रिकामी करून दिली, गादी घातली, पंखा लावला. सर म्हणाले, "ताई, उपकार आहेत," आणि गाडीतच राहिले. त्या ओल्या, कुबट वासाच्या, आतून बुरसलेल्या गाडीत. मला राग आला बाईंचा. म्हटलं, "अहो, आजारी माणसाला असं ठेवतात का?"

त्या म्हणाल्या, "गाडीतनं उतरवलं की ते आजारी माणूस होत्यात, लीलाबाई. गाडीत हायेत तवर प्रवासी हायेत."

आणि मग त्यांनी गाडी धुवायला घेतली. मीठ काढायचं म्हणून गोड्या पाण्यानं. चाकांच्या आत, पत्र्याच्या सांध्यात, सीटच्या खाली. ज्या बाईनं आयुष्यात पेलाभर पाणी वाया घालवलं नाही ती बाई नळ आला की बादल्याच्या बादल्या ओतायची. माझ्या टाकीतलंही द्यायचे मी. पहिल्या बादलीचं पाणी पांढुरकं यायचं, मग स्वच्छ. बाई म्हणायच्या, "निघालं." दुसऱ्या दिवशी पत्र्यावर पुन्हा पांढरी भुकटी. बोट फिरवून जिभेला लावायच्या आणि परत बादली उचलायच्या. कॉलनीतले लोक कुजबुजायला लागले, पाण्याची नासाडी, प्लॉटवर भंगार. माझ्या तोंडावर कुणी बोललं नाही, माझं तोंड माहीत आहे त्यांना.

बाबूमिस्त्री येऊन बघून गेला. हा आमच्या भागातला जुना मेकॅनिक, बाईंना फार मानायचा. गाडीखाली झोपून टॉर्च मारला, बाहेर येऊन हात पुसत बसला.

"बाई, इंजिन मी उघडतो, धुतो. एखाद्या येळी चालू पण करीन. पण खालचा सांगाडा? मीठ आतनं खातंय त्याला. ह्याला दवा न्हाई."

"मालवणपर्यंत पोचली म्हंजी झालं."

"कुठलं मालवण घेऊन बसला बाई! तारकपूर स्टँडपर्यंत गेली तर मी पेढे वाटीन."

"मग पेढे आणून ठेवा," बाई म्हणाल्या.

मला सगळ्यात कशाचं वाईट वाटायचं सांगू? ती दोघं एकमेकांशी नीट बोलायला लागली होती. आधी दिवसभर खडाखडी चालायची. माझ्या खिडकीतून मला करमणूक होती ती. आता "पाणी देऊ का?", "चालेल", "वारा घालू का?", "राहू दे". दोघंही माझ्याशी एकटं असलं की सांगायची, चूक माझी. सर म्हणायचे, "मी म्हटलं म्हणून तिनं लावली." बाई म्हणायच्या, "लावणारी मी." पण एकमेकांना बोलली नाहीत. पाहुण्यासारखी वागायची, एवढ्याशा डब्यात. मी एकदा मुद्दाम भांडण लावून बघितलं, म्हटलं, "सर, बाईंचा चहा आज गुळमट झालाय ना?" सर म्हणाले, "नाही, छान आहे." मी घरी येऊन रडले.

पाऊस ओसरला तेव्हा सरांना बसताही येईना. डॉक्टर म्हणाले, आता भरती करा. त्याच आठवड्यात बाबूमिस्त्रीनं इंजिन चालू केलं. काळा धूर सोडत, खाकरत, पण चालू. बाई संध्याकाळी माझ्याकडे आल्या आणि दारातच म्हणाल्या, "सकाळी निघतो."

"कुठं?"

"मालवणला."

मी हात जोडले. म्हटलं, "बाई, घाटात काही झालं तर? त्यांचा जीव वाटेत जाईल."

"हितं बी जाणारच हाय. मी इचारलं त्येंला. हितं पडून का वाटंनं जाताना, एवढंच. जाताना म्हटल्यावर मान हलवली त्येंनी." त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "तुमी चटणीचा डबा द्या तेवढा. त्येंला तुमची चटणी आवडती."

दिला. काय करणार? सकाळी कॅन भरून ठेवलेले, पडदे धुऊन लावलेले, सर मागं पलंगावर, पोटाला चादरीनं बांधलेले, घसरू नयेत म्हणून. मी खिडकीशी उभी राहिले. बाईंनी स्टिअरिंगवर हात ठेवले, डोळे मिटले. ओठ हलले नाहीत. मग चावी फिरवली.

गाडी फाटकातून बाहेर पडली. खरं सांगते, तेवढ्यापुरतं मलाही वाटलं, की जाईल. रस्त्याला लागली, कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरवर चढली आणि उतरताना असा काही आवाज झाला, की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. मागचा भाग खाली बसला. सांगाडा मोडला होता. मीठ आतून खातंय म्हणाला होता ना मिस्त्री.

मी चप्पल न घालता धावले. बाई उतरून मागं आत गेल्या होत्या. पलंग तिरका झालेला, सर चादरीला लोंबलेले. कॅन फुटून सगळीकडे पाणी. सरांचे डोळे मिटलेले होते. बारीक आवाजात म्हणाले, "आलं का मालवण?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ती बाई कधी खोटं बोललेली मी ऐकली नाही, आडवळणानंसुद्धा नाही.

"आलं, सर," त्या म्हणाल्या.

सरांनी डोळे उघडले. "खोटं बोलता, ड्रायव्हर. हा आपल्या कोपऱ्यावरचा स्पीडब्रेकर आहे. माझ्या मणक्यांना पाठ आहे तो." मग श्वास गोळा करत राहिले बराच वेळ. आणि म्हणाले, "मला उतरव, मनोरमा."

बाई तशाच बसून राहिल्या. त्यांनी सगळ्याची तयारी ठेवली असेल, घाटाची, मरणाची, पण सर उतरव म्हणतील याची नव्हती. शेवटी मी आणि शेजारच्या दोघांनी सरांना उचललं आणि माझ्या पुढच्या खोलीत आणून झोपवलं. पंखा होता, गादी होती. दवाखान्याला ते नाही म्हणाले. चौथ्या की पाचव्या दिवशी गेले. तेवढ्या दिवसांत एकदाही खिडकीतून प्लॉटकडे बघितलं नाही त्यांनी. भिंतीकडे तोंड करून असायचे.

दफन झालं. बाईंचे चर्चचे लोक आले, गाणी म्हटली, बाईंचा आवाज त्यात नव्हता. गाडी ट्रॅक्टरनं ओढून परत प्लॉटवर आणून ठेवलेली. बाई माझ्याकडेच राहिल्या काही दिवस. नळ आला तर त्या उठायच्या नाहीत. एकदा मी बाहेरून आले तर मोरीतली बादली भरून वाहत होती आणि त्या दोन हात अंतरावर पाटावर बसलेल्या, पाण्याकडे बघत. मी नळ बंद केला. तेव्हा म्हणाल्या, "लीलाबाई, मी टाच लावून बघितली हुती."

"माहीत आहे मला."

"रुतली न्हाई. फिरवून बी बघितली. न्हाई रुतली." त्या माझ्याकडे बघत होत्या, लहान मूल बघतं तसं. "मग चुकलं कुठं?"

मी नुसती त्यांच्याजवळ ओल्या फरशीवर बसले. वाटलं, काहीतरी म्हणावं, देवाचं नाव घ्यावं, त्यांच्या किंवा माझ्या. पण त्यांना उत्तर हवं होतं. आजही मला रात्री झोप लागत नाही तेव्हा मी तो प्रश्न उलटा-सुलटा करून बघते. सापडत नाही.

श्रीरामपूरहून त्यांचा पुतण्या न्यायला आला. चांगला आहे मुलगा, बोलायला गोड. त्यानंच भंगारवाल्याला बोलावलं. भंगारवाल्याचा विचार होता, गाडी जागेवरच गॅस कटरनं कापावी. बाई म्हणाल्या, "हितं न्हाई. ओढून न्या." मग ट्रॅक्टर आला. दोर बांधला. पण ओढायची तर स्टिअरिंगवर कुणीतरी बसायला हवं. भंगारवाल्याचा माणूस चढायला लागला, तशा बाईंनी त्याचं मनगट धरलं.

"खाली ये."

"मावशी, नुसतं धरून तर बसायचंय."

"ब्रेक लागत न्हाईत तिला. तुला म्हाईत न्हाई ती कुठं वढती. कुणाला तरी ठोकशील."

पुतण्या म्हणाला, "काकू, आपली गाडी तिकडं उभी आहे, उशीर होतोय." त्यांनी ऐकलं नाही. पीटीचे बूट घालून आल्या. मला जवळ घेतलं नाही, येते म्हणाल्या नाहीत. चढून बसल्या, सीट पुढं ओढून घेतली, आरसा नीट केला. आरशात फुटकी काच आणि मागं मी, एवढंच दिसत असणार त्यांना.

ट्रॅक्टर निघाला. मागचा पत्रा रस्त्याला घासत होता, कानात जायचा तो आवाज. पुतण्याची गाडी दुसऱ्या बाजूनं पुढं गेली, त्यामुळे त्या निळ्या गाडीमागं रस्ता अगदी रिकामा होता. माणूस नाही, कुत्रं नाही. मनमाड रोडच्या वळणाशी ट्रॅक्टर उजवीकडे वळायला लागला. तेव्हा ड्रायव्हरच्या खिडकीतून बाईंचा उजवा हात बाहेर आला, खांद्यापर्यंत, सरळ, तळवा पुढं, मागून येणाऱ्याला वळण दाखवतात तसा. गाडीचं शेपूट वळून दिसेनासं होईपर्यंत तो हात तसाच होता.